कलम एकतीसमधला काना

माझं लग्न एका दीर्घ उकारावरून मोडलं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी चिडले की कुणी कपाळाला आठ्या घालायला नकोत. मुलगा चांगला होता, टपालखात्यात होता, आणि त्याने मला पत्र लिहिलं होतं. ते पत्र बाबांच्या हाती पडलं. बाबांनी ते शांतपणे वाचलं, लाल पेन्सिल काढली, अकरा ठिकाणी खुणा केल्या आणि त्याच लिफाफ्यात घालून परत पाठवून दिलं. 'तुझ्याविना' हा शब्द त्याने 'तूझ्यावीना' असा लिहिला होता. एका शब्दात दोन चुका. "ज्याला 'तुझ्याविना' लिहिता येत नाही, तो तुझ्याविना राहू शकतो," असं म्हणून बाबा जेवायला बसले. तो मुलगा राहिलाही. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं, आणि पत्रिकेत चार चुका होत्या, हे मला बाबांकडूनच कळलं.

बाबा सरकारी छापखान्यात कंपॉझिटर होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलायचा, अक्षरं उलटी वाचत ओळ जुळवायची, ओळींची पानं करायची, हे त्यांचं काम. बावन्न वर्षांपूर्वी आपला देश नवा झाला तेव्हा त्याची राज्यघटना बाबांनी जुळवली, आणि तीही एकट्याने. शहाण्णव पानं. दोघांनी जुळवली तर दोन तऱ्हेच्या चुका होतील, असं मसुदा समितीच्या म्हाताऱ्या प्रमुखांचं म्हणणं पडलं. घटना छापून झाली आणि तिसऱ्याच दिवशी बाबांना एक प्रमाणपत्र मिळालं. हस्तलिखितापासून कानामात्रेचाही फरक न करता घटना जुळवल्याबद्दल. लोक जिथे लग्नाचा फोटो लावतात तिथे आमच्या घरी ते प्रमाणपत्र आहे. आईबाबांच्या लग्नाचा फोटो कपाटामागे आहे.

तेव्हापासून छापखान्यात त्यांचं नाव पडलं बिनचूक. आणि त्या नावाला जागण्यासाठी त्यांनी साऱ्या गावाला भंडावून सोडलं. दुकानांच्या पाट्या, बसचे फलक, औषधांच्या बाटल्या, त्यांच्या तावडीतून काही सुटलं नाही. आईच्या शेवटच्या आजारात इस्पितळाच्या कागदावर 'मुत्रपिंड' लिहिलं होतं. बाबांनी ते आधी 'मूत्रपिंड' केलं आणि मग डॉक्टरांना म्हणाले, आता सांगा, काय झालंय. मी लहानपणी शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी वही दाखवायची. अशा घरात वाढलेली मुलगी काय होणार? मी त्याच छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. चौतीस वर्षं झाली.

आता त्या कलमाकडे येते. आमच्या घटनेचं कलम एकतीस असं छापलेलं आहे: 'मंत्रिमंडळ वा सभापती यांच्या लेखी संमतीने अध्यक्षांना सभागृह बरखास्त करता येईल.' बावन्न वर्षं या ओळीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आधीचे अध्यक्ष सभ्य होते किंवा भित्रे होते. तशी वेळ आली तेव्हा त्यांनी दोघांचीही संमती घेतली. या वेळचे अध्यक्ष निराळ्या घडणीचे होते. सभागृहाने त्यांच्या कारभाराची चौकशी लावली, तर त्यांनी एका मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मंत्रिमंडळाची लेखी संमती घेतली आणि सभागृहाला कुलूप ठोकलं. मंत्रिमंडळ म्हणजे त्यांचा मेहुणा, दोन भाचे आणि होयबांचा घोळका. सभापतीबाईंना कुणी विचारलंच नाही. त्या जेवून परत आल्या तर दाराला टाळं, आणि त्यांची पर्स आत. पहारेकरी म्हणाला, वरून हुकूम आहे. बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांनी वकिलाला फोन करायला पहारेकऱ्याचाच फोन मागून घेतला.

त्यांचं न्यायालयातलं म्हणणं अगदी साधं होतं. मूळ हस्तलिखितात 'वा' नाही, 'व' आहे. मंत्रिमंडळ व सभापती. म्हणजे दोघांचीही संमती हवी. आता 'व' आणि 'वा' यांत फरक केवढा, तर एका कान्याचा. एक उभी दांडी. पण त्या दांडीच्या अलीकडे लोकांनी निवडून दिलेलं सभागृह होतं आणि पलीकडे अध्यक्षांचा मेहुणा.

हस्तलिखित बघितलं की निकाल लागला, असं सगळ्यांना वाटलं. ते संग्रहालयात काचेच्या पेटीत होतं. न्यायालयाच्या हुकमाने पेटी उघडली, पान काढलं, आणि 'व'च्या पुढे नेमकं भोक. कागदाला कसर लागली होती. त्या किड्याला शहाण्णव पानं मोकळी होती, पण त्याने चवीने तेवढंच खाल्लं. भोकाच्या जागी पूर्वी काना होता की नुसतीच कोरी जागा, ते सांगायला किडा काही हजर नव्हता. जुनी प्रुफं केव्हाच रद्दीत गेली होती. समितीतले सगळे सभासद वारले होते. हस्तलिखित समोर ठेवून त्यावरून अक्षर न् अक्षर जुळवलेला एकच माणूस जिवंत होता. तो शहाऐंशी वर्षांचा होता आणि आमच्या पुढच्या खोलीत बसून वर्तमानपत्रावर लाल खुणा करत होता.

बेलिफ समन्स घेऊन आला. बाबांनी त्याला उभं करून समन्समधल्या तीन चुका दाखवल्या आणि मगच सही दिली.

इतक्या वरच्या न्यायालयात सहसा साक्षीदार बोलावत नाहीत, तिथे कागदच बोलतात. पण इथे कागदालाच भोक पडलं होतं, म्हणून बाबांना बोलावणं आलं. पेच उघड होता. हस्तलिखितात होतं तेच मी जुळवलं, असं बाबा म्हणाले तर अध्यक्ष जिंकले आणि यापुढे कुठल्याही अध्यक्षाने मनात आणलं की सभागृहाला टाळं. माझी चूक झाली म्हणाले, तर सभागृह उघडेल आणि बिनचूक हे नाव मातीत जाईल. मी तुम्हाला खरं सांगते, मला देशाची नाही, बाबांची काळजी होती. त्यांची चूक झालेली नाही याची मला खात्री होती. खात्री कसली, माझं अख्खं आयुष्य त्या खात्रीवर उभं होतं. त्या माणसाच्या हातून चूक होत असती, तर माझं लग्न नसतं का झालं?

आधी अध्यक्षांचे वकील घरी आले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मी मनात त्यांचं नाव मखमल ठेवलं. त्यांनी फुलं आणली होती. छापखान्याची नवी इमारत होते आहे, तिला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, दगडात कोरून, असं ते म्हणाले. बाबांनी त्यांना कागद दिला आणि नाव कसं कोरणार ते लिहून दाखवा म्हणाले. मखमलने लिहिलं, बाबांनी तपासलं, मान डोलावली. तुम्ही न्यायालयात फक्त एवढंच सांगायचं की तुम्ही चूक करत नाही, असं म्हणून मखमल उठले. ते तर सगळ्यांना माहीत आहे, बाबा म्हणाले. बाबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कुणाला कष्ट पडत नाहीत, ते वरच बसलेले असतात.

दोन दिवसांनी सभापतीबाईंच्या वकीलबाई आल्या. तरुण होत्या, आणि त्यांना सणसणीत सर्दी झाली होती. मी दारातच त्यांना अडवून ऐकवलं की आमच्या घरात चूक शोधायला आला असाल तर आल्या पावली परत जा. त्या म्हणाल्या, चूक नको, चहा मिळाला तर बरं. मग बाबांसमोर बसल्या आणि खटल्याचं अवाक्षर न काढता त्यांनी विचारलं की खिळे जुळवतात कसे.

बाबांना हा प्रश्न तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांची कळी खुलली. माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं त्यांनी टेबलावर ओतली, दोन पट्ट्या घेतल्या आणि ओळ जुळवून दाखवायला लागले. ओळ पट्टीत घट्ट बसली पाहिजे. हलवली तर खुळखुळता कामा नये, नाहीतर छापताना अक्षरं नाचतात. ओळ कमी पडली तर शब्दांच्या मध्ये शिशाच्या बारीक पट्ट्या घालायच्या, त्यांना स्पेस म्हणतात. वकीलबाई शिंकत शिंकत ऐकत होत्या. नाक पुसून त्यांनी सहज विचारलं, "आणि स्पेसच संपल्या तर?"

बाबांचा हात एका निळ्या बटणावर थांबला. संपत नाहीत, असं ते म्हणाले, आणि मग दमलो म्हणाले. वकीलबाईंनी जाताना आपलं कार्ड ठेवलं. त्यावर 'वकिल' असं छापलेलं होतं, पहिल्या वेलांटीसकट. बाबांनी ते कार्ड हातात घेतलं, पाहिलं आणि ठेवून दिलं. 'वकिल'कडे बाबांनी कानाडोळा केला, असं आजवर कधी झालं नव्हतं. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, चहा गार झालाय.

साक्षीच्या दिवशी बाबांनी दोनदा दाढी केली. न्यायालय गच्च भरलं होतं. समोर पाच न्यायमूर्ती, मधोमध मुख्य न्यायमूर्ती, त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. सभापतीबाई पहिल्या रांगेत होत्या, मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन, कारण पर्स अजून आतच होती. आधी मखमल उठले. त्यांनी बाबांना विचारलं की तुम्ही आयुष्यात जुळवताना कधी चूक केली का. बाबा म्हणाले, नाही. कलम एकतीस जुळवताना चूक केली का? नाही. मखमलने न्यायमूर्तींकडे असं पाहिलं, की आता जेवायला मोकळे व्हा. ते खाली बसले. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं आणि सांगितलं की माझे वडील आहेत.

मग वकीलबाई उठल्या. सर्दी तशीच होती. त्यांनी 'चूक' हा शब्दसुद्धा काढला नाही.

"ती ओळ भरली होती का हो?" त्यांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून खूण केली, सांगा ना, भरली होती म्हणून. ते तोंड फिरवून म्हणाले, "नव्हती."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत सांगायला मला अजून जड जातं. शेवटच्या प्रुफावर मसुदा समितीच्या प्रमुखांनी कलम एकतीसमधला एक 'च' काढला होता, हस्तलिखितातही खोडला होता. 'संमतीनेच' होतं, ते 'संमतीने' केलं. त्यांना तो 'च' उद्धट वाटला. 'च' गेला आणि ओळ ढिली पडली. शहाण्णव पानं जुळवून उभी होती, छापखान्यातल्या सगळ्या स्पेस त्यांत अडकलेल्या. खाली यंत्र तापलेलं, वर सगळे ताटकळलेले. बाबांनी सगळे खण पालथे घातले तेव्हा एक बारीक स्पेस सापडली. ती घातली तरी ओळ खुळखुळतच होती.

"मग काय केलंत?" वकीलबाईंनी विचारलं.

"एक काना घातला."

न्यायालयात कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मुख्य न्यायमूर्तींनी चष्मा काढून हातात घेतला. म्हणजे तुमची चूक झाली, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. बाबा कठड्याला धरून ताठ उभे राहिले.

"नाही साहेब," ते म्हणाले. "चूक नकळत होते. हे मी मुद्दाम केलं."

मखमल ताडकन उठले. ओळ ढिली पडली तर कागदाची चिठ्ठी दुमडून घालतात, सगळे घालतात, मग या साक्षीदाराने का नाही घातली, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बाबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि सांगितलं की कागद दबतो, आणि खुळखुळणारी ओळ मी आयुष्यात सोडली नाही. म्हणजे राज्य ढिलं झालं तरी चालेल, ओळ ढिली नको. तेवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले. त्यांनी हेही सांगितलं की काना घातला तरी शब्द अशुद्ध होणार नाही अशी त्या ओळीत ती एकच जागा होती. 'व'चा 'वा' झाला, दोन्ही शुद्ध. अशुद्ध मी काहीही केलेलं नाही, साहेब.

मुख्य न्यायमूर्तींनी विचारलं की अर्थ बदलतोय हे तुम्हाला कळलं नाही का. बाबा म्हणाले, उलटी अक्षरं वाचणारा अर्थ वाचत नाही. चौथ्या दिवशी छापलेलं पुस्तक हातात आलं, तेव्हा सरळ वाचली, आणि तेव्हा कळलं.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं होतं," बाबा म्हणाले.

आता कुणीच हसलं नाही. मीही नाही. मला आधी काही वाटलंच नाही, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

न्यायालयाने नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात छापखान्याच्या तळघरातून तेच जुने खिळे मागवले आणि एका निवृत्त कंपॉझिटरला ती ओळ तीन प्रकारे जुळवायला सांगितली. 'च' आणि 'व', म्हणजे आधी होती तशी. मग 'च' काढून नुसता 'व'. मग 'व'ला काना आणि एक बारीक स्पेस. पाचही न्यायमूर्तींनी आळीपाळीने ती ओळ कानाशी धरून हलवून पाहिली. पहिली घट्ट होती. दुसरी खुळखुळली. तिसरी पुन्हा घट्ट. देशाचा इतका मोठा प्रश्न पाच पोक्त माणसांनी कानाने सोडवलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

साक्षीच्या दिवशी घरी आल्यावर मी जी सुटले ती सुटलेच. मी बाबांना विचारलं की तुम्ही घटनेत काना कोंबलात, आणि तो टपालातला मुलगा एका उकारावरून परत पाठवलात? आईच्या मूत्रपिंडातलासुद्धा उकार बघत बसलात? माझ्या तिसरीच्या वहीवर रडून शाई पसरायची, तरी तुम्ही खुणा करत होतात. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. माझा दम संपल्यावर ते म्हणाले, "माझ्या हातून एक गेलाच होता. वाटायचं, आता निदान दुसऱ्या कुणाचा जाऊ देऊ नये."

मी त्यांना माफ केलं नाही. तसं कुणी विचारलं तर अजूनही केलेलं नाही असंच सांगेन. छप्पन्न वर्षांच्या बाईला एवढा हक्क असतो.

पण मग बाबांनी चुका काढणं सोडलं. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली, व्यंगचित्रं काढली, एकाने तर त्यांना काना खांद्यावर घेऊन पळताना दाखवलं. त्या चित्राखालच्या ओळीत दोन चुका होत्या. मी मुद्दाम ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि पान उलटलं. छापखान्याने व्हरांड्यातला त्यांचा फोटो काढला. नव्या इमारतीच्या दगडाचं कुणी नाव घेईना. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने नवी पाटी लावली, 'केशकर्तनालय'मधला एक 'क'च गळालेला, आणि बाबा त्या पाटीखालून मान खाली घालून निघून गेले. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली. ज्या खोडीने माझा जन्मभर छळ केला, ती परत यावी म्हणून मी जाणूनबुजून किराण्याची यादी अशुद्ध लिहायला लागले. तीही त्यांनी तशीच दुकानात नेऊन दिली.

पाऊण महिन्याने निकाल लागला. हस्तलिखिताचं भोक, खिळ्यांची ओळ आणि एका म्हाताऱ्याची साक्ष, तिन्ही मिळून पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं: 'व'. दोघांचीही संमती हवी. ओळ भरायला घातलेल्या अक्षराला देश चालवण्याचा अधिकार नाही, असं त्यांनी लिहिलं. दुपारी कुलूप निघालं. सभापतीबाई आत गेल्या, आधी पर्स घेतली, मग आसनावर बसून चौकशी जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू करा म्हणाल्या. मेहुण्याने राजीनामा दिला. आता मोठमोठे लोक म्हणतात की आपल्या राज्यकारभारातला सगळ्यात मोठा निकाल हाच.

निकाल दोनशे चौदा पानांचा. तो सरकारी ग्रंथात छापायला आमच्याकडे आला, आणि आमच्या व्यवस्थापकांनी गालातल्या गालात हसत प्रुफं माझ्याच टेबलावर ठेवली. घरचंच कार्य आहे, म्हणाले. प्रूफ तपासायला दोघं लागतात. एकाने सही झालेली मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. माझ्या जोडीदारणीला रजा हवी होती. निकाल भर न्यायालयात वाचून झालेला, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मी रविवारी सगळं घरी आणलं आणि बाबांना म्हटलं, वाचणार का. ते नको म्हणाले. मग चष्मा पुसला आणि वाचायला बसले.

आवाज अजून खणखणीत होता. पूर्णविराम, स्वल्पविराम, नवा परिच्छेद. दुपारी आम्ही एकशे त्रेसष्टाव्या पानावर आलो. तिथे बाबांच्या साक्षीचा भाग होता, त्यांच्या संपूर्ण नावानिशी. ते वाचता वाचता थांबले. मी माझ्यासमोरची ओळ पाहिली. 'या वयोवृद्ध साक्षीदाराच्या हातून झालेली चूक, त्याने स्वतः येऊन कबूल केली, याची हे न्यायालय आदराने नोंद घेते.'

न्यायमूर्तींनी चांगुलपणानेच तसं लिहिलं असणार. मुद्दाम केलं असं लिहिलं असतं तर ते म्हाताऱ्याला लागलं असतं, असं त्यांना वाटलं असेल. त्यांना काय माहीत! भरल्या न्यायालयात हा माणूस सगळं गमावून बसला होता. एवढी एकच गोष्ट त्याने स्वतःसाठी मागितली होती, की चूक म्हणू नका. आणि तोच शब्द आता देशाच्या ग्रंथात कायमचा जाणार होता, त्यांच्या नावाच्या दोन ओळी खाली.

माझा राग होता तिथेच होता. पण बाबांचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी ओळ मोजली. 'हातून झालेली चूक' काढून 'हाताने केलेली गोष्ट' घातलं तर एका अक्षराचा फरक पडत होता, तोही पुढच्या शब्दांत सहज मुरला असता. ओळ हलली नसती, पान हललं नसतं. दोनशे चौदा पानांत ते कुणाच्या बापाला कळलं नसतं. चौतीस वर्षांत मी एका अक्षराची लबाडी केली नव्हती. मी लाल पेन उचललं आणि म्हटलं, "बाबा, मी बदलते. कुणी बघत नाही."

ते पेनाच्या टोकाकडे बघत राहिले. त्यांना तो बदल हवा होता. इतका हवा होता की मला ते दिसत होतं, भुकेल्या माणसाला ताट दिसावं तसं ते त्या ओळीकडे बघत होते. मग त्यांनी मूळ प्रतीचं शेवटचं पान काढलं आणि बोटाने दाखवत विचारलं, "खाली सह्या कुणाच्या आहेत?"

मी म्हटलं, पाच न्यायमूर्तींच्या.

"मग आपण कोण?"

त्यांनी पुन्हा एकशे त्रेसष्टावं पान समोर घेतलं, चष्मा सारखा केला आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला घेतलं, तोच खणखणीत आवाज, एकेक शब्द सुटा.

"या वयोवृद्ध साक्षीदाराच्या हातून झालेली चूक," ते म्हणाले, आणि थांबले, आणि मग म्हणाले, "स्वल्पविराम."

मी प्रुफावर पाहिलं. बरोबर आहे, मी म्हटलं, आणि त्यांनी पुढचं वाचायला घेतलं.